विहिरीला नदीची जोड



पाण्याविषयी आपल्या शिरूर-दौंडच्या मुलखात दोन समजुती फार जुन्या आहेत. पहिली अशी, की जमिनीच्या पोटातले पाणी तेवढे शुद्ध आणि नदीचे पाणी घाण. दुसरी अशी, की विहीर ही आपली आणि नदी ही सरकारची. गावाला पाणी कमी पडू लागले की याच दोन समजुतींवर वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, आणखी चार बोअर घ्या. दुसरा म्हणतो, विहिरींचा नाद सोडा, नदीवर नाही तर कालव्यावर मोठे जलशुद्धीकरण केंद्र बांधा आणि मोकळे व्हा. मला आज जे सांगायचे आहे ते या दोहोंहून थोडे वेगळे आहे. नवे केंद्र हवेच. पण ते विहिरींच्या जागी नव्हे, विहिरींच्या जोडीला हवे, आणि त्याची आखणी पहिल्या दिवसापासून त्याच हिशेबाने झाली पाहिजे. गेल्या दोनशे वर्षांत या मुलखाने पाण्यासाठी जे सोसले, जे बांधले आणि जे मोडले, त्यातून हे मत निघते. म्हणून आधी तो इतिहास पाहू आणि मग आखणीकडे वळू.

कातळ आणि वाळू

शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे. जुनी माणसे त्या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. दौंड भीमेच्या काठी. हा सारा टापू पूर्वी भीमथडी म्हणून ओळखला जाई आणि भीमथडीची तट्टे मराठ्यांच्या फौजांत नावाजलेली होती. दोन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावतात. तेथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आपल्याकडे ढग पोचेपर्यंत निम्मेअधिक रिते झालेले असतात. आपला वाटा सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा.

पायाखाली आहे काळा कातळ. गंगेच्या खोऱ्यात गाळाची जमीन खोलवर पाणी धरून ठेवते. तसे आपले नाही. आपल्याकडे पाणी राहते ते वरच्या मुरमात, कातळाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत. म्हणून एका शेतात साठ फुटांवर पाणी लागते आणि बांधापलीकडे तीनशे फूट खणूनही धूळ निघते. आपल्या पूर्वजांना हे शास्त्र शब्दांत मांडता येत नसेल, पण कळत होते. विहीर हे त्यांच्या लेखी धान्याचे पेव होते. पावसाळ्यात भरेल तितके भरायचे आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत बेताने काढायचे. पेव कितीही खोल खणले म्हणून धान्य वाढत नाही.

उन्हाळ्यात विहीर खोल गेली की बायका नदीच्या पात्रात जात आणि वाळूत झिरा उकरत. वाटीवाटीने भरलेला तो हंडा निवळशंख असे. नदीचे वरचे पाणी शेवाळलेले असले तरी झिऱ्याचे पाणी पिण्याजोगे, कारण ते वाळूतून गाळून येई. घरी रांजणात ओतताना फडक्याने गाळायचे, गढूळ असेल तर निवळीचे बी उगाळून घालायचे, नाही तर तुरटीचा खडा फिरवायचा. आजच्या शुद्धीकरण केंद्रात होणाऱ्या मुख्य क्रियांपैकी तीन, म्हणजे गाळ बसवणे, निवळू देणे आणि वाळूतून गाळणे, आपल्या आज्यांच्या हातात होत्या. चौथी गोष्ट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू मारणे, ही मात्र त्यांना ठाऊक नव्हती. आणि त्या अज्ञानाची किंमत फार मोठी पडली.

मरीआईचा गाडा

१८१७ साली बंगालमध्ये पटकीची साथ उसळली आणि १८१८ च्या पावसाळ्यात ती दक्षिणेत शिरली. त्या वेळी शिरूरला इंग्रजांची मोठी छावणी होती. मुंबई सरकारने १८१९ साली या साथीचे वृत्तांत छापले, त्यांत शिरूरच्या छावणीतून डॉक्टरांनी धाडलेली पत्रेही आहेत. ती माणसे रोग्याचे रक्त काढीत, पारा घातलेली औषधे देत; कारण रोग कशातून येतो हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

गावकऱ्यांपाशी त्यांचा स्वतःचा उपाय होता. साथ आली की मरीआईचा गाडा करायचा, त्यात लिंबू, नारळ, हिरवी चोळी ठेवायची आणि वाजतगाजत तो गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून त्याच्या पुढच्या गावाच्या शिवेत ढकलायचा. या चालीला हसणे सोपे आहे. पण तिच्या मुळाशी असलेला विचार पाहा: संकट नाहीसे करता येत नाही, तर ते शेजाऱ्याच्या हद्दीत लोटावे. हा विचार अजून मेलेला नाही, हे पुढे दिसेलच.

पाणी आणि पटकी यांचा संबंध पहिल्याने नीट दाखवला तो लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने, १८५४ साली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका सार्वजनिक पंपाभोवती माणसे पटापट मरत होती. स्नोने घरोघर हिंडून मृतांची नोंद केली आणि त्या पंपाचा दांडा काढून घ्यायला लावला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तो पंप नदीवर नव्हता. तो विहिरीवर होता. जवळच्या घरातला मैलखड्डा त्या विहिरीत पाझरत होता. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यास पटकीचा जंतू दाखवून दिला आणि तेथल्या एका तळ्याच्या पाण्यातही तो सापडला.

भूजल म्हणजे निर्मळ जल, हा समज आपल्याकडेही नारूने खोटा पाडला होता. पायऱ्यांच्या बारवेत माणूस पाय बुडवून पाणी भरी, त्याच्या पायातल्या नारूची पिल्ले पाण्यात जात आणि पिणाऱ्याच्या पोटात शिरत. बारवांच्या पायऱ्या बंद करून, रहाट आणि हातपंप बसवून, पाणी गाळून पिण्याची शिकवण घरोघर देऊन हा रोग हटवावा लागला. २००० साली भारत नारूमुक्त ठरला. म्हणजे विहीर शुद्ध आणि नदी अशुद्ध हा भेद निसर्गाने केलेला नाही. ज्या पाण्याची राखण होते ते शुद्ध, आणि ज्याची होत नाही ते अशुद्ध.

आल्टोनाची गोष्ट

वाळूतून गाळलेले पाणी साऱ्या गावाला देण्याची कल्पना स्कॉटलंडमधल्या पेझली गावी १८०४ साली निघाली. १८२९ साली जेम्स सिम्प्सन याने लंडनच्या चेल्सी भागासाठी मोठी गाळणतळी बांधली. १८७० च्या सुमारास कलकत्त्याजवळ पालता येथे हुगळीचे पाणी असेच गाळून शहराला मिळू लागले. पण गाळलेल्या पाण्याची खरी परीक्षा जर्मनीत झाली, आणि ती कथा दौंडकरांनी तर तोंडपाठ करावी अशी आहे.

एल्ब नदीच्या काठी हॅम्बुर्ग हे मोठे श्रीमंत बंदर. त्याला लागून, नदीच्या खालच्या अंगाला, आल्टोना हे दुसरे शहर. हॅम्बुर्ग नदीच्या वरच्या अंगाचे पाणी घेई, पण न गाळता. आल्टोनाच्या वाट्याला येई ते हॅम्बुर्गचा सारा मैला पोटात घेतलेले पाणी. पण आल्टोनाने वाळूची गाळणतळी बांधली होती. १८९२ साली पटकी आली. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. आल्टोना जवळजवळ सुटले. दोन्ही शहरांची घरे जेथे एकमेकांना भिडतात तेथे रस्त्याच्या एका बाजूला प्रेते निघत होती आणि दुसऱ्या बाजूला रोग नव्हता. साऱ्या युरोपला कळून चुकले, की गाळणतळे हा पैशाचा अपव्यय नव्हे.

या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. १८९३ च्या आरंभी कडाक्याच्या थंडीत आल्टोनाच्या तळ्यांवर बर्फ जमले, साफसफाई नीट होईना, एका तळ्याची चाळण बिघडली, आणि त्याच आल्टोनात पटकीचे रोगी निघाले. वाळू तीच, शहर तेच, नदी तीच. राखण चुकली एवढाच फरक. गाळणतळे एकदा बांधले की काम संपले असे मानणाऱ्यांना हा धडा पुरेसा आहे.

वाळूने न अडलेले जंतू मारण्यासाठी क्लोरीन वापरण्याची रीत त्यानंतर आली. १९०५ साली इंग्लंडात लिंकन येथे विषमज्वराच्या साथीत आणि १९०८ साली अमेरिकेत जर्सी सिटी येथे ती नेमाने सुरू झाली. आपल्या खेड्यातली टीसीएल पावडर ही तिचीच धाकटी बहीण.

कालवा, आगगाडी आणि बोअर

आता आपल्या मुलखाकडे परत येऊ. खडकवासल्याचे धरण १८६९ साली बांधायला घेतले आणि १८७९ साली पुरे झाले. कॅप्टन फाइफ हा त्याचा इंजिनिअर. पुणे शहराला आणि तेथल्या लष्कराला पाणी देणे हा एक हेतू. पुण्याच्या पूर्वेच्या अवर्षणाच्या टापूला, म्हणजे हवेली आणि भीमथडीला, कालव्याने पाणी देणे हा दुसरा. मधल्या काळात १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. पाटसच्या अलीकडचा मातोबा तलाव हे त्या दुष्काळात अन्नाला महाग झालेल्या माणसांच्या हातचे काम आहे. कालव्याला पाणी असेल तेव्हा भरून ठेवायचे आणि नसेल तेव्हा वापरायचे, हा त्यामागचा विचार. तो विचार पुढे आपल्या कामी येणार आहे.

लोहमार्ग पुण्यास १८५८ साली आला आणि दौंडवरून १८६० साली सोलापुरास पोचला. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. वाफेच्या इंजिनाला पाणी लागते, आणि तेही निवडून. क्षाराचे जड पाणी बॉयलरला चालत नाही. नळ्यांवर पुटे चढतात आणि कोळसा जास्त जळतो. म्हणून रेल्वे कंपन्या पाणी तपासत आणि लागेल तेथे चुना व सोडा घालून ते मऊ करून घेत. ज्या काळी इंजिनाने काय प्यावे याची तपासणी होत होती, त्या काळी इंजिनात कोळसा लोटणाऱ्याने काय प्यावे याची तपासणी करणारे फारसे कोणी नव्हते. ज्याच्या बिघाडाने नफा बुडतो त्याचे पाणी आधी तपासले जाते, हा त्या काळचा न्याय होता.

विहिरींच्या बाबतीत आणखी एक अन्याय होता आणि तो कंपनीने केलेला नव्हता, आपणच केलेला होता. ज्या विहिरीवर एका माणसाला चढू दिले जाते आणि दुसऱ्याला नाही, ती विहीर गावाची म्हणता येत नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह प्राशन केले. त्या तळ्यावरचा सर्वांचा हक्क कोर्टातून कायम व्हायला १९३७ साल उजाडले. सार्वजनिक नळाचे मोठेपण येथे आहे. टाकीत एकत्र आलेले पाणी कोणाच्या घरी जायचे हे जातीवर ठरत नाही. ते पैशावरही ठरू नये, यासाठी मात्र अजून झगडावे लागते.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली पाणीपुरवठ्याचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. शिरूर तालुक्यात चिंचणीला घोड धरण झाले. मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याच साली भूजल सर्वेक्षणाची सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि कातळ फोडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. हातपंपांनी त्या वेळी लाखो माणसांचे प्राण वाचवले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण पुढे यंत्र स्वस्त झाले, विजेचा पंप घरोघर आला, ऊस वाढला, आणि दुष्काळात उघडायचे पेव बारा महिने उपसले जाऊ लागले. १९९३ च्या कायद्याने पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास बंदी केली. कायदा झाला, बोअरची संख्या वाढतच गेली.

भूजल जसजसे खोल गेले तसतसे ते मचूळही झाले. अशा पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्यांना पांढरी पुटे चढतात. खतांमुळे नायट्रेट वाढते. कुरकुंभला रासायनिक कारखान्यांची वसाहत झाल्यापासून आसपासच्या विहिरी नासल्याच्या तक्रारी होत आल्या आहेत. आणि नदीच्या पात्रात जी वाळू होती, जिच्यात आपल्या आज्या झिरे उकरत, ती भीमेतून आणि घोडमधून ट्रकांनी उपसली गेली. एका अर्थाने निसर्गाने फुकट दिलेले गाळणतळे आपण मोडून विकले, आणि आता नव्या केंद्रासाठी तीच वाळू चाळून, धुवून, मोजून विकत आणावी लागणार आहे.

आखणीचे गणित

आता नव्या केंद्राकडे वळू. पन्नास हजार वस्तीचे एक गाव धरू. २०११ च्या जनगणनेत दौंड शहर या आकड्याच्या जवळपास होते. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावे असा सरकारी दंडक आहे. म्हणजे रोज साडेसदुसष्ट लाख लिटर. वाटेत पंधरा टक्के गळती धरली तर केंद्रातून सुमारे ८० लाख लिटर निघाले पाहिजे.

जुन्या पद्धतीच्या संथ गाळणतळ्यातून एका चौरस मीटरमधून तासाला सुमारे १५० लिटर पाणी झिरपते. ८० लाख लिटरला अर्ध्या एकराहून मोठे तळे लागेल. आजच्या जलद गाळणीतून तासाला ५,००० लिटर जाते. तिला सत्तर चौरस मीटर, म्हणजे चाळीतल्या चारपाच खोल्यांएवढी जागा पुरते. पण जलद गाळणीला दोन गोष्टी लागतात. पाण्यात आधी तुरटी घालून गाळाची फुले बनवून ती दोनअडीच तास बसू द्यावी लागतात, आणि गाळणीची वाळू रोज खालून उलटे पाणी सोडून धुवावी लागते. पावसाळ्यात लिटरला ३० मिलिग्रॅम तुरटी धरली तरी दिवसाला २४० किलो होते. शेवटी क्लोरीन घालून अर्धा तास थांबायचे आणि दूरच्या नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे.

येथवरचे गणित पुस्तकात मिळते. खरा प्रश्न पुढचा आहे: पाणी उचलायचे कोठून?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेऊन मुळा-मुठा भीमेला मिळते आणि ते पाणी दौंडवरून पुढे उजनीकडे जाते. त्यातले सगळे सांडपाणी शुद्ध होऊन आलेले नसते. मरीआईचा गाडा म्हटला होता तो हाच. शहराने आपली घाण शिवेबाहेर लोटली, की ती आपली राहिली नाही असे त्याला वाटते. दौंड हे आपले आल्टोना आहे. पण आल्टोनाहून आपली अडचण अधिक आहे. मैल्यातल्या अमोनियाला क्लोरीन आधी गिळून टाकते. एक भाग अमोनियाला आठदहा भाग क्लोरीन लागते, तेव्हा कुठे जंतूंसाठी काही उरते. स्वच्छ पाण्याला लिटरमागे दोन मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला १६ किलो क्लोरीन पुरत असेल, तर दोन मिलिग्रॅम अमोनिया असलेल्या पाण्याला दिवसाला दीडशे किलोंच्या पुढे लागेल. आणि साध्या गाळणीने कारखान्यांची रसायने व विरघळलेले क्षार जातच नाहीत. तेव्हा कोणतेही पाणी आणा, आम्ही ते शुद्ध करू, अशी फुशारकी ज्या आराखड्यात असेल तो आराखडा परत पाठवावा.

दुसरा मार्ग कालव्याचा. खडकवासल्याचे पाणी पुण्याचा मैला मिसळण्याआधीच कालव्यात पडते. पण ते आवर्तनाने येते. दोन आवर्तनांच्या मध्ये गावाने साठवण तलावावर जगायचे. मध्ये ४५ दिवसांचा खंड धरला तर ८० लाखांच्या हिशेबाने ३६ कोटी लिटर साठवावे लागतील. तीन मीटर खोल तलाव म्हटला तर तीस एकर जमीन बुडते. उन्हाने उडून जाणारे पाणी वेगळेच. शिरूरला नदी जवळ आहे, पण उन्हाळ्यात घोड नदी वरच्या धरणांतून पाणी सोडले तरच वाहते. म्हणजे तेथेही प्रश्न साठवणीचाच.

येथे विहिरी कामी येतात. गावाच्या जुन्या विहिरी आणि बोअर यांतून रोजच्या गरजेचा फक्त चौथा हिस्सा मिळाला, तर तोच तलाव ४५ ऐवजी ६० दिवस पुरतो. पंधरा दिवसांचा हा फरक म्हणजे टँकरच्या मागे धावणारे गाव आणि शांत झोपणारे गाव यांच्यातला फरक होय. शिवाय विहिरीच्या पाण्यात लिटरला १,२०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि कालव्याच्या पाण्यात ३००, तर एकास तीन या प्रमाणात मिसळून ५२५ होतात. जे क्षार काढायला महागडी यंत्रे लागतात ते नुसत्या मिसळण्याने पुष्कळ उतरतात. मात्र ज्या विहिरीत कारखान्याचे विष उतरले आहे ती यातून वगळली पाहिजे. विष पातळ करून पाजणे हा उपाय नव्हे. दरवर्षी प्रत्येक विहिरीची तपासणी होऊन कोणती घ्यायची आणि कोणती सोडायची ते उघड लागले पाहिजे.

म्हणजे काम असे वाटले जाते: पावसाळ्यात आणि आवर्तनात नदी-कालव्याचे पाणी भरपूर घ्यावे आणि विहिरींना विसावा देऊन भरू द्यावे, उन्हाळ्यात पेव उघडावे. आज बहुतेक ठिकाणी नेमके उलट होते. नळ आला की विहिरीत कचरा पडतो, दोनचार वर्षांत ती बुजते, आणि पुढच्या दुष्काळात तिच्याच शेजारी नवा बोअर खणला जातो.

केंद्र चालवणारा माणूस

कामगार संघटनेच्या कामात माझे आयुष्य गेले. त्यामुळे कोणतेही यंत्र पाहिले की ते रात्रपाळीला कोण चालवतो हा प्रश्न मला आधी पडतो. जलशुद्धीकरण केंद्र हाही एक कारखानाच आहे. फरक इतकाच, की येथला माल बिघडला तर गिऱ्हाईक तो परत करू शकत नाही. ते पिऊन बसलेले असते. पहाटे तीन वाजता पावसाने नदीचा रंग बदलतो. त्या क्षणी तुरटीचे प्रमाण वाढवायचे की नाही हे ठरवणारा माणूस जर महिन्याच्या बोलीवर ठेवलेला, न शिकवलेला आणि चार महिन्यांचा पगार थकलेला असेल, तर कोट्यवधी रुपयांची इमारत त्या पहाटे निरुपयोगी असते. क्लोरीनचा वायू गळला तर पहिला घास त्याच्याच छातीचा जातो. त्याला मुखवटा, शिक्षण, कायम नेमणूक आणि पाणी तपासण्याची साधने देणे हा आखणीचाच भाग आहे. मागाहून द्यायची बक्षिसी नव्हे.

आखणी आपल्या माणसांना झेपेल अशी करता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. १९७० च्या दशकापासून ज. ना. कर्डिले या सरकारी इंजिनिअरने नागपूर जिल्ह्यात रामटेक, जळगाव जिल्ह्यात वरणगाव आणि नाशिक जिल्ह्यात चांदोरी येथे छोट्या गावांसाठी सुटसुटीत केंद्रे उभारली. गाळाची फुले बनवायला फिरती यंत्रे न लावता त्यांनी पाणी खडीच्या थरातून नेले. गाळणीत वाळूच्या वर नारळाच्या करवंट्यांचा चुरा पसरला. खडी आणि करवंटी कोठेही मिळते, मोडली तर परदेशी पत्र पाठवावे लागत नाही. या केंद्रांची दखल बाहेरच्या देशांतल्या तज्ज्ञांनीही घेतली. ज्याला परवडते त्याने मोठी यंत्रे जरूर आणावीत; पण ज्या यंत्राचा सुटा भाग महिनाभर येत नाही, ते यंत्र त्या महिन्यात गावाला अशुद्ध पाणी पाजते, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि हे पाणी कोणापर्यंत पोचायचे? रांजणगाव, कुरकुंभ येथल्या वसाहतींत बाहेरगावाहून आलेले हजारो कामगार भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यांतल्या पुष्कळांच्या पगारातून दर महिन्याला पाण्याच्या जारचे पैसे जातात. ज्याच्यापाशी पैसा आहे तो आपल्यापुरते शुद्धीकरणाचे यंत्र घरात बसवतो आणि मग नगरपालिकेच्या नळाविषयी त्याची तक्रार बंद होते. तक्रार करणारा बोलका माणूस असा एकेक करून गळाला, की नळ फक्त गरिबांचा उरतो. आणि फक्त गरिबांच्या वाट्याला राहिलेल्या गोष्टीची दुरुस्ती फार उशिरा होते. हॅम्बुर्गच्या पटकीने श्रीमंतांनाही हलवले, कारण पाणी एकच होते. आपल्यालाही एकच पाणी ठेवले पाहिजे.

नवे केंद्र बांधण्याचा ठराव जेव्हा नगरपालिकेपुढे येईल, तेव्हा किती कोटींचे आणि कोणत्या ठेकेदाराचे, एवढेच विचारून आपण गप्प बसू नये. तीन प्रश्न विचारावेत. पाणी कोठून उचलणार आणि त्याच्या वरच्या अंगाला काय मिसळते? जुन्या विहिरींची यादी आणि त्यांच्या पाण्याची तपासणी आराखड्यात आहे काय? आणि केंद्र चालवणाऱ्यांची नेमणूक, शिक्षण व पगार यांची तरतूद पुढच्या पंधरा वर्षांसाठी कोठे लिहिली आहे? या तिन्हींची उत्तरे कागदावर मिळाली, तर केंद्र बांधण्यात पुष्कळशी जिंकलेली लढाई आहे. ती मिळाली नाहीत, तर आपण मरीआईचा गाडा फक्त सिमेंटचा केला असे होईल. आणि तो या वेळी पुढच्या गावाच्या नव्हे, आपल्याच मुलांच्या शिवेत उभा असेल.